बहिणीचा वाटा कोणी गिळला ?

गेल्या रविवारी आमच्या दारी एक बाई आली. अठरा वर्षांपूर्वी ती आमच्याच हाताखाली चौथी पास झाली होती. बागवानाची लेक, पलीकडच्या तालुक्यात दिलेली. तिचा बाप तीन महिन्यांपूर्वी वारला. तिच्या हाती दोन कागद होते. एक, चावडीच्या फळ्यावर लागलेल्या फेरफाराच्या नोटिशीची नक्कल. तीत मयत खातेदाराचे वारस म्हणून दोन मुलांचीच नावे. विधवेचे नाव नाही, मुलीचे नाव नाही. दुसरा कागद कोरा-करकरीत टंकून आणलेला: ''माझा हिस्सा मी राजीखुशीने माझ्या भावांस सोडून दिला आहे.'' खाली सहीपुरती जागा मोकळी.

''गुरुजी,'' ती म्हणाली, ''भाऊ म्हणतात सही कर. केली तर ईदेची साडीचोळी चालू राहील, नाही केली तर माहेरची वाट बंद. मौलवीसाहेब म्हणतात, शरियतीत लेकीचा हिस्सा लिहिलेला आहे. यात खरं कुणाचं ?''

आम्ही म्हणालो, ''पोरी, खरे मौलवीसाहेबांचे.'' पण हे सांगताना आमचीच मान खाली गेली. कारण असले कागद आम्ही स्वतः लिहून दिलेले आहेत. खेड्यात मास्तर म्हणजे गावचा फुकटचा कारकून. कोणी अर्ज लिहून नेतो, कोणी पावती, कोणी 'संमती'. पंधरा वर्षांपूर्वी एका पिंजाऱ्याच्या घरी चाळीसाव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही असाच एक कागद लिहिला, आणि कोपऱ्यात पदर डोळ्यांस लावून बसलेल्या विधवेस ''इथे अंगठा द्या'' म्हणून जागा दाखविली. ती बाई पुढे लोकांच्या घरी भाकऱ्या थापून जगली. त्या वेळी आम्ही मनाची समजूत घातली की ही गावची रीत आहे. आज आम्ही म्हणतो, ती रीत नव्हती, ती चोरी होती, आणि त्या चोरीस शाई आम्ही पुरविली होती. ज्या हाताने तो कागद लिहिला त्याच हाताने आज हा लेख लिहीत आहोत. वाचकांनी तो तेवढ्याच गंभीरपणाने वाचावा.

इस्लामी वारसा कायद्याविषयी आमच्या खेड्यांत दोन गैरसमज आहेत. पुष्कळ हिंदूंस वाटते की मुसलमानांत बाईस काहीच मिळत नाही. पुष्कळ मुसलमानांस वाटते की बापाने मरताना ज्याला बोट दाखविले त्याला सारे मिळते. दोन्ही समजुती खोट्या आहेत. या कायद्याइतका आणेपैच्या हिशेबाने बांधलेला वारसा कायदा जगात थोडाच सापडेल. तो कोठून आला हे ऐकण्यासारखे आहे.

इ. स. ६२५ साली मदिनेजवळ उहुदची लढाई झाली. तीत साद बिन रबी नावाचा एक माणूस पडला. मागे बायको आणि दोन मुली राहिल्या. अरबांच्या जुन्या चालीप्रमाणे मयताच्या भावाने येऊन सारी मिळकत उचलली. हदीसच्या ग्रंथांत असे नमूद आहे की ती विधवा दोन्ही मुलींचे हात धरून पैगंबरांकडे गेली आणि म्हणाली की चुलत्याने सारे नेले, आता या पोरींशी लग्न तरी कोण करील ? त्यानंतर कुराणातील चौथ्या, 'निसा' म्हणजे स्त्रिया या नावाच्या सूऱ्यातील वारशाचे नियम आले, आणि त्या चुलत्यास बोलावून सांगण्यात आले की दोन मुलींना मिळून दोन तृतीयांश दे, विधवेस अष्टमांश दे, उरेल ते तुझे. उरले किती ? चोवीस भागांपैकी पाच. वाचकहो, हा कायदा जन्मला तोच दिराने लुबाडलेल्या विधवेच्या फिर्यादीतून. मग ज्या घरात आज दीर आणि भाऊ मिळून तिला पुन्हा लुबाडतात, त्यांनी शरियतीचे नाव कोणत्या तोंडाने घ्यावे ?

आता हिशेब पाहू. माणूस मेल्यावर त्याच्या मिळकतीतून चार गोष्टी क्रमाने व्हाव्या लागतात. पहिली, दफनाचा खर्च. दुसरी, त्याचे कर्ज. बायकोचे मेहेर द्यायचे राहिले असेल तर तेही कर्जच. ते तिच्या हिश्श्याहून निराळे आणि वाटणीच्या आधी. तिसरी, त्याने वसियत केली असेल तर ती, पण मर्यादेत. तिच्याविषयी पुढे सांगू. चौथी, जे उरेल त्याची वारसांत वाटणी. येथे हिंदू एकत्र कुटुंबाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क नाही. वडिलोपार्जित व स्वकष्टार्जित असा भेद नाही. बाप जिवंत असेतो मुलाचाही एक गुंठा नाही; आणि बाप गेला त्याच क्षणी मुलगा, मुलगी, विधवा, आई, बाप, जे कोणी मागे असतील त्या सर्वांचा हक्क एकदमच उभा राहतो. कोणी कोणाच्या मेहेरबानीने वारस होत नाही.

विधवेस मूलबाळ असेल तर अष्टमांश म्हणजे रुपयात दोन आणे, नसेल तर चतुर्थांश म्हणजे चार आणे. बायका एकाहून अधिक असल्या तर तेवढ्यातच त्या सर्वांची वाटणी. बायको मेली तर नवऱ्यास मूल असता चतुर्थांश, नसता निम्मे. मयताची आई हयात असेल आणि मयतास मूल असेल तर तिला षष्ठांश. मुलगा नसून एकच मुलगी असेल तर तिला निम्मे. दोन किंवा अधिक असतील तर सर्वांस मिळून दोन तृतीयांश. मुलगा व मुलगी दोन्ही असतील तर मुलास दोन वाटे व मुलीस एक.

आमच्या दारी आलेल्या बाईच्या घरचेच उदाहरण घ्या. तिच्या बापाची जमीन आठ एकर, कर्ज नाही, वसियत नाही. आजा-आजी पूर्वीच गेलेले. मागे विधवा, दोन मुलगे, एक मुलगी. आठ एकरांचे गुंठे झाले ३२०. विधवेचा अष्टमांश ४० गुंठे, म्हणजे एक एकर. उरले २८०. त्यांचे पाच वाटे करा. एक वाटा ५६ गुंठ्यांचा. प्रत्येक मुलास दोन वाटे, म्हणजे ११२ गुंठे किंवा दोन एकर बत्तीस गुंठे. मुलीस एक वाटा, म्हणजे एक एकर सोळा गुंठे. बेरीज करून पाहा, एक गुंठाही इकडे तिकडे होत नाही. चौथीतल्या पोराने पाटीवर सोडवावे असे हे गणित आहे. मग ते आमच्या मोठमोठ्या कारभाऱ्यांस का सुटत नाही ? सुटते सर्वांस. फक्त उत्तर आवडत नाही.

कोणी म्हणेल, ''बापाने वसियतनामा करून सारे मुलांस दिले असेल तर ?'' येथेच या कायद्याने मोठी मेख मारून ठेविली आहे. माणसाला वसियतीने एक तृतीयांशाहून अधिक देता येत नाही. साद बिन अबी वक्कास म्हणून पैगंबरांचे दुसरे एक सोबती होते. ते मक्केत आजारी पडले असता त्यांनी विचारले की मला एकच मुलगी आहे, मी दोन तृतीयांश मिळकत दानधर्मास देऊ का ? नको. निम्मी ? नको. एक तृतीयांश ? तेव्हा उत्तर मिळाले की तृतीयांश चालेल, आणि तृतीयांशही पुष्कळच झाला. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा खाऊनपिऊन सुखी ठेवून जाणे बरे. देवाच्या नावाने दान करायचे असले तरी लेकीचे तोंडचे काढून करू नको, असा याचा अर्थ. दानाला जेथे मर्यादा, तेथे लाडक्या लेकाच्या कोडकौतुकाला ती नसावी काय ?

ती आहेच. सुन्नी कायद्याप्रमाणे जो आधीच वारस आहे त्याच्या नावे वसियत करताच येत नाही. केली तर बाकीच्या वारसांनी ती मान्य केली पाहिजे, आणि ती मान्यता बाप मेल्यानंतरची हवी. आपल्याकडील हनफी पंथाचे लोक असोत की कोकणातील शाफई, दोघांस ही गोष्ट सारखीच. शिया पंथात मात्र तृतीयांशापर्यंत वारसासही वसियतीने देता येते. तेव्हा ''सर्व मिळकत माझ्या दोन्ही मुलांस'' असा सुन्नी घरातील वसियतनामा बहिणीच्या संमतीवाचून तिच्या हिश्श्यास लागू होत नाही, मग तो मुद्रांकाच्या कागदावर असो की सोन्याच्या पत्र्यावर.

कायदा असा आहे, तर बहिणीचा वाटा जातो कोठे ? कुंपणच शेत खाते म्हणतात तसे झाले आहे. तो तीन वाटांनी जातो.

पहिली वाट रूढीची. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनात, सरकारी कायदा नसेल तेथे आधी त्या मुलखातील रूढी पाहावी व नंतर प्रतिवादीचा धर्मकायदा, असा क्रम होता. १८४७ साली मुंबईच्या त्या वेळच्या सुप्रीम कोर्टात खोजा व मेमन घरांतील मुली कुराणाप्रमाणे आपला हिस्सा मागत गेल्या. न्यायमूर्ती सर अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की या जमातींची रूढी हिंदूंप्रमाणे मुलींस वगळण्याची आहे, सबब रूढी चालेल. मुली हरल्या. पंजाबातही रूढीच्याच नावाखाली शेतकरी मुसलमानांच्या मुली वारशाबाहेर राहिल्या. अखेर १९३७ साली शरियत कायदा झाला. रूढीने आमचे हक्क बुडतात अशी मुसलमान स्त्रियांच्या संस्थांची तक्रार होती, हे त्या विधेयकाच्या हेतूंतच नमूद आहे. पण त्यातही एक भोक राहिले. शेतजमीन हा प्रांतांचा विषय असल्यामुळे ती या कायद्यातून वगळली गेली. मद्रासने १९४९ साली व केरळने १९६३ साली ते भोक बुजविले. बाकी ठिकाणी लोक अजून त्यात बोट घालून म्हणतात की शेतीत मुलीचा वाटा नाही. हे धादांत चूक आहे. जो रूढी सांगतो त्याने ती न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावी लागते. ''आमच्यात देत नाहीत'' एवढे म्हटल्याने रूढी सिद्ध होत नाही. तेवढ्याने फक्त लोभ सिद्ध होतो.

दुसरी वाट कागदाची. बाप हयात असतानाच मुलीच्या लग्नात ''आता माझा काही हक्क राहिला नाही'' असे लिहून घेतात. जो हक्क अजून जन्मलाच नाही तो सोडणार कसा ? असल्या नुसत्या लिखाणास कायद्यात किंमत नाही. मात्र मोबदला घेऊन लिहून दिले असेल तर न्यायालय निराळा विचार करू शकते, म्हणून सही करताना जपावे. बाप गेल्यानंतर स्थावरातील हक्क कागदाने सोडायचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे तो कागद नोंदलेला हवा. साध्या कागदावरच्या अंगठ्याने जमीन जात नाही. आणि फेरफार म्हणजे मालकी नव्हे. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही आणि नाव आहे म्हणून दुसऱ्याचा हक्क मिळत नाही.

तिसरी वाट सर्वांत रुंद, आणि तिच्यावर कायद्याचा पहारा नाही. ती लाजेची वाट. वाटा मागणारी बहीण वाईट, सोडणारी बहीण गुणाची, अशी शिकवण आम्ही मुलींस पाळण्यापासून देतो. माहेर म्हणजे वर्षाकाठी चार दिवस डोके टेकण्याची जागा. ती राहावी म्हणून बहीण छप्पन्न गुंठ्यांचे मोल देते. आम्ही विचारतो, जे माहेर एका सहीवर उभे आहे आणि सही न दिल्यास कोसळते, ते माहेर कसले ? ते तर सावकाराचे दुकान झाले. फरक एवढाच की सावकार तारण ठेवून घेताना रडत नाही.

भावांची बाजूही आम्ही ऐकली आहे. ते म्हणतात, ''लग्नात इतका खर्च केला.'' लग्नाचा खर्च वारशात मोडत नाही. आणि मुलाच्याही लग्नात खर्च झालाच होता, तो त्याच्या वाट्यातून कोणी कापला? ते म्हणतात, ''आईला आम्ही सांभाळतो.'' आईचा स्वतःचा एक एकर तिच्या नावे राहू द्या, मग कोण कोणास सांभाळतो ते दिसेल. ते म्हणतात, ''जमिनीचे तुकडे होतील.'' ही अडचण खरी आहे. आठ एकरांच्या घरात ती आम्हांस कळते. पण हिस्सा देणे म्हणजे बांध घालणेच असे नाही. सामाईकात नाव राहू द्यावे, पिकाचा वाटा द्यावा, किंवा चार माणसांदेखत किंमत ठरवून हप्त्याने पैसे द्यावेत. तुकड्याची भीती बहिणीच्या वेळीच वाटते, दोन भाऊ वेगळे निघताना वाटत नाही, हे आम्ही दरसाल पाहतो.

आता या कायद्यातील उणीवही झाकून ठेवणे बरे नव्हे. मुलीस मुलाच्या निम्मे हे आजच्या समतेच्या मापाने पूर्ण माप नाही. मुलगा नसलेल्या माणसाच्या मुलींस दोन तृतीयांशच मिळते व बाकीचे चुलत्यांकडे जाऊ शकते. सर्वांत बोचणारी गोष्ट पोरक्या नातवंडांची. बापाच्या हयातीत एक मुलगा मेला आणि दुसरा जिवंत असला, तर मेलेल्याच्या मुलांस आजाच्या मिळकतीत काहीच मिळत नाही. ही उणीव मुसलमान देशांनीही ओळखली. इजिप्तने १९४६ साली कायदा करून अशा नातवंडांस तृतीयांशाच्या मर्यादेत सक्तीच्या वसियतीने वाटा दिला; पाकिस्तानने १९६१ साली त्यांस मेलेल्या बापाची जागा दिली. तुर्कस्तानाने तर १९२६ सालीच मुलामुलीस समान वारसा केला. भारतात मुसलमानांस अजून जुनाच नियम लागू आहे. उत्तराखंडाने २०२४ साली सर्व धर्मांस एकच वारसा कायदा केला. त्याचा वाद मोठा आहे व तो आजच्या लेखाचा विषय नाही.

पण कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. पोरकी नातवंडे वारस नसल्यामुळेच आजाला त्यांच्या नावे तृतीयांशाची वसियत बेधडक करता येते. ती तोंडीही चालते, पण लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी केलेली बरी. मुलीस मुलाइतके द्यावेसे वाटले तर बापाने धडधाकट असताना हिबा, म्हणजे बक्षीस करावे. त्यास तृतीयांशाची मर्यादा नाही. मात्र देणाऱ्याने दिले असे म्हणावे, घेणाऱ्याने घ्यावे आणि ताबा खरोखर द्यावा. नुसत्या कागदाने हिबा पुरा होत नाही, आणि मरणाच्या दुखण्यात केलेल्या हिब्यास तृतीयांशाचीच मर्यादा लागते. आणखी एक वाट आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न नोंदविले तर वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे होतो, आणि त्यात मुलगा-मुलगी समान. ८ मार्च २०२३ रोजी केरळातील कासरगोड जिल्ह्यात तीन मुलींच्या एका मुसलमान वकील बापाने, निकाहाला अठ्ठावीस-एकोणतीस वर्षे झाल्यावर, स्वतःच्याच बायकोशी या कायद्याखाली पुन्हा लग्न लाविले. का, तर आपल्या मागे मुलींचे काही इतरांकडे जाऊ नये. लेकींवर माया असलेला बाप वाट शोधून काढतो.

हे वाचून आमच्या हिंदू शेतकरी बंधूंनी मिशीत हसू नये. त्यांच्या मुलींस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि साऱ्या देशाने २००५ साली. कायदा पूर्ण मापाचा झाला, पण हक्कसोडीच्या कागदावर ताईबाईंच्या सह्या थांबल्या का ? एका घरी निम्मे लिहिलेले देत नाहीत, दुसऱ्या घरी पुरते लिहिलेले देत नाहीत. शेजार कसा अगदी बरोबरीचा आहे !

तेव्हा ज्या घरी नुकतेच कोणी वारले असेल त्यांस आमची विनंती अशी. चाळीसावा होताच सर्व वारसांनी, बायकांसुद्धा, एका ठिकाणी बसून हिशेब मांडावा. कर्ज व मेहेर आधी लिहावे. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे सर्व वारसांची नावे कळवावीत. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत ते सांगितलेलेच आहे. ज्या बाईचे नाव वगळले असेल तिने नोटिशीच्या पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. हरकत दिली म्हणजे भावाशी वैर केले असे नव्हे. नाव राहून गेले होते ते घालून घेतले, एवढेच. पुढे तिला खरोखरच राजीखुशीने सोडायचे असेल तर आधी नाव लागू द्या, हिस्सा हाती येऊ द्या, मग सोडू द्या. जे हाती आलेच नाही त्याचे दान कसले ?

गावोगावच्या काजीसाहेबांस व मौलवीसाहेबांस आम्ही हात जोडून सांगतो की निकाह, रोजा आणि नमाज यांवर आपण बोलता तसेच वर्षातून दोन शुक्रवार चौथ्या सूऱ्यातील वाटणीवर बोला, आणि तेही नाव न घेता पण सर्वांस कळेल असे बोला. आणि आमच्या शिक्षक बंधूंस सांगतो की अपूर्णांक शिकविताना आंब्याच्या फोडी खूप झाल्या. आता ३२० गुंठे फळ्यावर लिहा. आज वर्गात उत्तर काढणारी पोरगी उद्या चावडीवर फसणार नाही.

ती बाई त्या दिवशी सही न करता परत गेली. हरकतीचा अर्ज आम्ही लिहून दिला, त्यात आधी तिच्या आईचे नाव घातले, मग तिचे. जाताना तिने विचारले, ''गुरुजी, भाऊ बोलायचे बंद झाले तर ?'' यास आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही. ते उत्तर तिच्या भावांनी द्यायचे आहे, आणि त्यांच्यासारख्या गावोगावच्या सर्व भावांनी. आमच्यापुरते आम्ही ठरविले आहे की विधवेस अंगठ्याची जागा दाखविणारा कागद यापुढे या लेखणीने लिहिला जाणार नाही.